दगड कुजतो, म्हणून मावळात भात पिकतो

मावळात कुठेही विहीर खणायला घ्या. वरची दोन-चार फूट माती फावड्याने निघते. मग मुरूम लागतो, त्याला टिकाव लागतो. मुरमाखाली गोटे लागतात, तिथे पहारीचे काम. आणि त्याच्याही खाली काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय गत्यंतर नसते. विहीर खणणाऱ्या माणसाला हे चार थर पाठ असतात. पण या चौघांचे आपसांत नाते काय, हे आपण सहसा विचारत नाही. नाते असे, की हे चार वेगळे पदार्थ नाहीतच. बहुतेक ठिकाणी खालचा पाषाण कुजून गोटे झाले, गोटे कुजून मुरूम झाला आणि मुरूम कुजून माती झाली.

दगड कधी कुजतो का, असे तुम्ही म्हणाल. लाकूड कुजते, पेंढा कुजतो, पण दगड? तर वाचकहो, दगडही कुजतो. फक्त त्याला वेळ फार लागतो. आपल्या नातवाच्या नातवालाही फरक दिसणार नाही इतका वेळ. आणि हे कुजणे नीट समजून घेण्याची गरज अशासाठी, की मावळातले भाताचे खाचर आणि मावळावर टांगलेली दरड ही दोन्ही या एकाच कुजण्यातून येतात. एकीने आपल्याला जगवले. दुसरीने शेजारच्या तालुक्यात अख्खे गाव गिळले.

आधी दगड आला कुठून?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो. इथे तसे नव्हते. काहिलीतला रस उतू जावा तसा लाव्हा चहूकडे पसरला, थिजला, काही काळाने पुन्हा आला. असे थरावर थर साचले. आज ते थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेले आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ या दगडाला बसाल्ट म्हणतात. आपण काळा पाषाण म्हणतो, काळवत्री म्हणतो.

पण सगळा काळा दगड एकसारखा नसतो. प्रत्येक थराचा आतला भाग घट्ट आणि कठीण. वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांनी पोखरलेला. पुढे या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरली. विहीरवाले याला मांजऱ्या म्हणतात. हा दगड लवकर ठिसूळ होतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. एक लाव्हा येऊन गेला आणि दुसरा यायला वेळ लागला, तेवढ्या अवधीत पहिल्याचा माथा कुजून त्याची माती झाली. पुढचा लाव्हा त्यावर पसरला आणि ती माती भाजून निघाली. म्हणजे दगड कुजण्याचे काम इथे माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आता लोहगड किंवा राजमाची लांबून पाहा. उभा कडा, मग उतार, मग पुन्हा कडा, मध्ये सपाट माची. कठीण थराचा कडा झाला, मऊ थराचा उतार झाला. या दगडांना परदेशी शास्त्रज्ञांनी ‘ट्रॅप’ हे नाव दिले, ते पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरूनच.

पाणी, मुळे आणि दगडफूल

लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. तळ्यातला गाळ उन्हाने वाळून तडकतो, तसेच हे. या भेगांतून पाणी आत शिरते. पावसाचे पाणी येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन येते, मातीतल्या कुजक्या पाल्यातून जाताना आणखी घेते आणि किंचित आंबट होते. जिभेला कळणार नाही, पण दगडाला कळते. काळ्या पाषाणात लोह भरपूर. पावसाळ्यात अंगणात विसरलेल्या कुदळीला गंज चढतो, तसाच या लोहाला चढतो आणि दगड तपकिरी, तांबूस होतो. दगडातली दुसरी खनिजे पाण्याने बदलून चिकणमाती बनते.

चौकोनी दगडाच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी हल्ला करते, कडेवर दोन बाजूंनी, सपाट अंगावर एकाच. म्हणून कोपरे आधी जातात आणि दगड गोल होत जातो. विहिरीतून निघालेला एखादा गोटा फोडून बघा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी तपकिरी सालपटे निघतील आणि आत काळा कुळकुळीत गाभा राहील. तेवढा अजून कुजायचा आहे.

हिमालयात फटीत शिरलेले पाणी गोठून फुगते आणि दगड फोडते. आपल्याकडे बर्फ नाही, पण पाऊस आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून तळेगावपर्यंत यावे तो पाऊस निम्म्याहूनही खाली येतो. त्याच्या जोडीला झाडे आहेत. कातळाच्या फटीत उंबराचे, पिंपळाचे मूळ शिरले की ते जाडजूड होत फट रुंदावते. आणि गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, त्याच्या जातीची शेवाळी वनस्पती दगडावर चिकटून सौम्य आम्ल सोडते आणि दगडाचा पृष्ठभाग खरवडते.

हे झाले जागच्या जागी कुजणे. पाठ्यपुस्तकात याला विदारण म्हणतात. कुजलेले उचलून नेणे हे वेगळे काम, ती धूप. ते काम ओढे, ओहोळ आणि नद्या करतात. इंद्रायणीच्या पात्रात कुंडमळ्याला किंवा कुकडीच्या पात्रात निघोजला जे रांजणखळगे आहेत, ते पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी कातळात कोरले आहेत. नुसते पाणी इतके कापत नाही. पाण्याच्या हातात दगड आला की ते कापते.

कार्ल्याच्या लेण्याची साक्ष

पाणी लागले नाही तर दगड किती टिकतो, हे पाहायचे असेल तर एकवीरेच्या दर्शनाला जाल तेव्हा शेजारच्या चैत्यगृहात जरूर डोकावा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले हे दालन १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच आहे. आतल्या खांबांवरचे हत्ती आणि त्यांवरची जोडपी आजही स्पष्ट दिसतात. एवढेच नव्हे, तर छताला बसवलेल्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. दोन हजार पावसाळे गेले, पण ते दाराबाहेरून गेले. आता बाहेर येऊन पुढची भिंत आणि खांब पाहा. उन्हापावसाला तोंड देऊन ते झिजले आहेत. दगड एकच, डोंगर एकच. फरक फक्त पाण्याचा.

भाजे आणि बेडसे इथल्या कोरणाऱ्यांनाही दगडाची ही पारख होती. त्यांनी घट्ट थर निवडला आणि पाण्याची टाकी वेगळी खोदली. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे त्यांनी छिन्नी लावण्याआधी पाहिले असले पाहिजे. आज डोंगरात घर बांधणाऱ्याने तेवढे पाहिले तरी पुष्कळ.

कडा मागे सरतो आहे

खंडाळ्याला कड्यावर उभे राहिले की पायाखाली कोकण दिसते. लोणावळा सहाशे मीटरच्या वर, खोपोली शंभराच्याही आत. हाच उतार पाहून टाटांनी इथे तळी बांधली आणि १९१५ साली खोपोलीला वीज तयार होऊ लागली. शाळेत आपण सह्याद्रीला पर्वत म्हणून शिकलो. खरे पाहता तो पठाराचा तुटलेला काठ आहे. हा काठ पूर्वी समुद्राच्या बाजूला बराच पुढे होता. कोट्यवधी वर्षे कुजत, कोसळत तो मागे मागे, म्हणजे आपल्या बाजूला सरकत आला.

त्याचा पुरावा लोणावळ्यातच आहे. इंद्रायणी कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते. नदी चिमुकली, पण तिचे खोरे पाहा केवढे रुंद! एवढ्याशा ओहोळाने एवढे खोरे कोरले असेल का? एकेकाळी या खोऱ्याचा वरचा भाग पश्चिमेकडे आणखी लांब होता, कडा मागे सरकताना तो तुटून गेला, असे भूशास्त्र सांगते. इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला मिळून हजारावर किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तिला घाई नाही. लोणावळ्याजवळच उगम पावणारी उल्हास मात्र कड्यावरून उडी घेऊन थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठते. जिचा उतार मोठा तिची कापण्याची ताकद मोठी. ती आपल्या पठाराचा काठ आजही कुरतडत आहे.

कड्यावरून सुटलेले दगड, मुरूम आणि माती पायथ्याला साचते. पावसाचे ओहोळ त्यातली बारीक माती आणखी खाली नेतात आणि खोऱ्यात पसरतात. आपली भाताची खाचरे याच मातीवर उभी आहेत. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी भात आज राज्यभर नावाजला जातो. त्याच्या मुळाशी ही माती आहे. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती एका धुवाधार पावसात बांध फोडून निघून जाऊ शकते.

जिथे माती आणि झरा, तिथे गाव

आता मुख्य मुद्दा. डोंगरातली वस्ती कुठे बसते? उघड्या कातळावर कोणी राहत नाही. जिथे थोडी माती आहे, मुरूम आहे, आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यातही न आटणारा झरा आहे, तिथे चार घरे उभी राहतात. हा झरा येतो कुठून? माथ्यावर पडलेला पाऊस दगडाच्या भेगांतून खाली उतरतो. वाटेत तांबड्या मातीचा किंवा चिकण थर लागला की पाणी पुढे जाऊ शकत नाही. मग ते आडवे वाहून डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते.

म्हणजे ज्या दोन गोष्टी पाहून वाडवडिलांनी वस्ती केली, त्याच दोन गोष्टी दरडीलाही लागतात. सुटी माती आणि आतून येणारे पाणी. आषाढात चार-पाच दिवस पाऊस उघडलाच नाही, की पायथ्याचा सारा ढीग भिजून जड होतो. आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. खाली चिकण मातीचा किंवा कातळाचा निसरडा तळ असतो. मग अख्खा उतार एका दमात खाली येतो.

आंबेगाव तालुक्यातल्या माळीणचे असेच झाले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी नेहमीप्रमाणे एसटी घेऊन आलेल्या चालकाला समोर गावच दिसेना. १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेत ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. इर्शाळवाडी लोणावळ्याच्या घाटाखाली, आपल्यापासून काही हाकेच्या नाही, पण डोळ्यांच्या टप्प्यातली म्हणावी इतकी जवळ. आणि ध्यानात ठेवा, दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नावच नव्हते. यादीत आपल्या मावळातलीही गावे आहेत. पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस इर्शाळवाडीबरोबर संपले.

पायथा कापला की

डोंगर आपल्या वजनाने एक ठरावीक उतार धरून बसलेला असतो. धान्याच्या राशीसारखाच. राशीच्या खालून पायलीभर धान्य काढा, वरचे धान्य घरंगळून खाली येणारच. डोंगराचा पायथा कापला की हेच होते. फक्त लगेच होत नाही, एखाद्या पावसाळ्याची वाट पाहून होते.

घाटात माणसाने हा धोका पत्करला आहे आणि त्याची किंमत तो दरवर्षी मोजतो. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिला दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी आजही पावसाळ्याआधी रेल्वेची माणसे घाटात चढून सुटलेले दगड हेरतात आणि पाडतात. द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ १९ जुलै २०१५ रोजी दरड कोसळून दोघांचा जीव गेला. त्यानंतर कड्यांना लोखंडी जाळ्या बसवल्या गेल्या. रेल्वेला माणसे आहेत, महामार्गाला जाळ्या आहेत. आपल्या वाडीमागच्या उताराला काय आहे?

जमिनीचे भाव वाढल्यापासून मावळात टेकड्यांची पाठ सपाट होत चालली आहे. कुठे बंगल्यासाठी, कुठे प्लॉटिंगसाठी, कुठे नुसत्या मुरमासाठी. जेसीबी चार दिवसांत जेवढा डोंगर हलवतो, तेवढा हलवायला पावसाला कितीतरी पिढ्या लागतात. शिवाय पाऊस उतार धरून काम करतो, यंत्र उभी भिंत सोडून जाते. सपाटीकरणात निघालेला मुरूम उताराच्या टोकाला ढकलून दिला जातो. ओढ्याची वाट बुजते. जमीन विकणारा सुटतो, घेणारा शनिवार-रविवारपुरता येतो, आणि आषाढातल्या रात्री खाली झोपलेला असतो तो तिसराच.

शेतीच्या कामातही हा विचार हवा. माळीणनंतर यंत्राने केलेल्या पडकईच्या कामांबद्दल पुष्कळ चर्चा झाली. डोंगरउतारावर खाचरे करणे हे काही पाप नाही, आपले बापजादे करतच आले. पण त्यांनी दगडाच्या ताली रचल्या, दगडांच्या फटींतून पाणी निथळू दिले, सांडवे ठेवले, आणि जिथे उतार फार तिथे नाचणी-वरईवर समाधान मानले. यंत्राने खोल कापलेली आणि सुट्या भरावाने बांधलेली पाणी धरणारी खाचरे ही त्यांची नक्कल दिसते, पण ती वेगळी गोष्ट आहे.

काय पाहावे, काय करावे

डोंगर बहुधा अगदी न सांगता येत नाही. पावसाळ्यात या खुणांवर नजर ठेवा. घरामागच्या उतारावर नव्या भेगा पडणे, जुन्या भेगा रुंदावणे. झाडे, विजेचे खांब किंवा कुंपण एका बाजूला कलणे. घराची दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, भिंतीला आणि जमिनीला तडे जाणे. जिथे कधी पाणी नव्हते तिथे झरा फुटणे, किंवा नेहमीच्या स्वच्छ झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी येणे. आणि पाऊस कोसळत असताना भरलेल्या ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे. याचा अर्थ वर कुठेतरी माती येऊन पाणी तुंबले असू शकते. यातले काहीही दिसले तर उजाडायची वाट पाहू नका. गुरांची दावी सोडा, म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन उताराच्या आणि ओढ्याच्या वाटेतून बाजूला व्हा. मग तलाठ्याला, तहसील कचेरीला किंवा जिल्ह्याच्या १०७७ या आपत्ती क्रमांकावर कळवा. भीती खोटी ठरली तर एक रात्र जागरण होईल, एवढेच.

करण्यासारख्या गोष्टीही फार खर्चाच्या नाहीत. वस्तीच्या वरच्या अंगाला चर काढून डोंगराचे पाणी बाजूच्या ओढ्याला लावावे आणि तो चर दरवर्षी साफ करावा. माथ्यावर भेग दिसली तर चिकण मातीने बुजवावी, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. ढासळलेल्या ताली उन्हाळ्यातच रचून घ्याव्यात. उतारावरची कारवी, झुडपे आणि गवत सरसकट तोडू वा जाळू नये. त्यांची मुळे वरची माती धरून ठेवतात. मात्र झाडे लावली म्हणजे दरड येणारच नाही, असेही समजू नये. खोलवर भिजलेला डोंगर झाडांसकट खाली येतो. घर वाढवायचे असेल तर मागचा डोंगर कापून परसदार मोठे करू नका. आणि गावच्या हद्दीत कोणी टेकडी फोडत असेल, तर ग्रामसभेत उभे राहून दोन प्रश्न विचारा. इथले पाणी आता कुठे जाणार? आणि हा ढिगारा खाली आला तर कोणाच्या घरावर येणार?

दगड कुजायचा थांबणार नाही. तो थांबला असता तर मावळात मातीच झाली नसती. येत्या उन्हाळ्यात राबाची कामे उरकली की गावातली दोन जाणती आणि चार तरुण माणसे मिळून आपल्या वाडीमागचा उतार माथ्यापर्यंत एकदा चालून या. कुठे भेग आहे, कुठे गोटा सुटला आहे, पाणी कुठून उतरते, ते पाहा आणि ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा जा आणि वहीशी ताडून पाहा.